झाशीचा दगड किती खोलातला?

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिला बांगरा म्हणतात. ओरछ्याच्या राजा वीरसिंह देवाने 1613 साली तिच्यावर किल्ला बांधला, अठराव्या शतकात मराठ्यांचा सुभेदार नारो शंकर याने तो वाढवला आणि त्यानंतर तो मूळच्या कोकणातल्या नेवाळकर घराण्याकडे आला. राणी लक्ष्मीबाई याच घराण्याची सून. किल्ल्याचा हा इतिहास तुम्ही वाचला असेल. या प्रकरणात आपण किल्ल्याखालच्या दगडाचा इतिहास पाहणार आहोत. त्याबद्दल भूशास्त्र जे सांगते ते पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. बांगरा टेकडीचा दगड जमिनीवर तयार झालेला नाही. तो जमिनीखाली काही किलोमीटर खोल तयार झाला. त्याच्यावर तेव्हा जेवढा खडक होता तो सगळा नाहीसा झाला आणि एके काळचे तळघर आज उघड्यावर आले. एवढे मोठे विधान नुसत्या विश्वासावर मान्य करू नये. हे कळले कसे, आणि दुसरे काही कारण असू शकते का, असे विचारलेच पाहिजे. चांगली गोष्ट अशी की या प्रश्नांची उत्तरे खुद्द दगडातच आहेत, आणि त्यांतली निम्मी तरी साध्या भिंगाने वाचता येतात.

झाशीच्या आसपासच्या खाणींतला खडीचा एक ताजा फुटलेला तुकडा घ्या. त्याच्या तुटलेल्या बाजूवर निरनिराळ्या रंगांचे कण एकमेकांत घट्ट अडकलेले दिसतात. गुलाबी किंवा फिकट मांसल रंगाचे, उन्हात धरले की सपाट चकाकणारे कण म्हणजे फेल्डस्पार. त्यांच्यामधल्या फटी भरून काढणारे, करड्या काचेसारखे आणि कोणताही सपाट पापुद्रा नसलेले कण गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे. काळे ठिपके अभ्रकाचे किंवा हॉर्नब्लेंडचे. सुईने खरवडल्यावर पातळ पापुद्रे सुटले तर ते अभ्रक. हा दगड ग्रॅनाइट. आता त्याच्या शेजारी सह्याद्रीतला काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट, ठेवा. त्यात नुसत्या डोळ्यांना बहुतेक वेळा कण दिसतच नाहीत, सगळा दगड एकजीव काळा वाटतो. दोन्ही दगड तापलेल्या वितळलेल्या रसापासून बनले आहेत. मग एकात मिलिमीटर-मिलिमीटरचे, कधी सेंटिमीटरभर लांबीचे स्फटिक, आणि दुसऱ्यात डोळ्यांना न दिसणारे, असे का? भूशास्त्रज्ञांचे उत्तर आहे, थंड होण्याचा वेग. रस सावकाश निवला की अणूंना आपापली जागा शोधायला वेळ मिळतो आणि थोडेच पण मोठे स्फटिक वाढतात. झपाट्याने निवला की असंख्य बारीक स्फटिक एकदमच सुरू होतात आणि कोणालाच वाढायला फुरसत मिळत नाही. सावकाश निवण्याची जागा म्हणजे खोल जमीन. खडक उष्णता फार हळू वाहू देतो, आणि खाली आजूबाजूचा खडकही गरमच असतो. तिथे अडकलेला मोठा रससाठा निवायला लाखो वर्षे लागतात.

यावर कोणी म्हणेल की दोन दगड मुळातच वेगळ्या पदार्थांचे आहेत, म्हणून त्यांचे कणही वेगळे. निवण्याच्या वेगाचा संबंध कशाला जोडायचा? हरकत रास्त आहे. तिचे उत्तर द्यायचे तर एकच रस वेगवेगळ्या वेगाने निवलेला दाखवायला हवा, आणि तसा तो झाशीच्या परिसरातच सापडतो. इथल्या ग्रॅनाइटला जागोजागी भेगा पडल्या आणि त्यांत खालून काळा रस घुसून गोठला. अशा उभ्या काळ्या भिंतींना डाइक म्हणतात. बुंदेलखंडातल्या पुष्कळ डाइक वायव्येकडून आग्नेयेकडे धावतात. डाइकचा दगड मधोमध पाहिला तर कण ओळखू येतात. ग्रॅनाइटला चिकटलेल्या कडेला मात्र तोच दगड बारीक, जवळजवळ बिनकणांचा असतो. रस एकच, भेग एकच, पण कडेला गार दगडाशी गाठ पडली म्हणून तो तिथे लगेच गोठला आणि मधला भाग मागाहून. पुढे आणखी पडताळा हवा असेल तर जोधपूरचा मेहरानगड पाहा. तो ज्या खडकावर बसला आहे तो ऱ्हायोलाइट. त्याची रासायनिक घडण ग्रॅनाइटसारखीच, पण तो ज्वालामुखीतून बाहेर पडून जमिनीवर निवला म्हणून बारीक कणांचा. उलट गुजरातमधला गिरनार पाहा. त्याचा रस आपल्या दख्खनच्या ज्वालामुखी कुळातलाच, पण तो जमिनीखाली अडकून निवला आणि म्हणून त्याचे कण ठळक आहेत. पदार्थ सारखा असूनही कण बदलतात आणि ते जागेप्रमाणे बदलतात. हरकतीचे उत्तर इथे पूर्ण मिळते.

कणांखेरीज आणखी एक खूण आहे, आणि ती एका न दिसणाऱ्या गोष्टीची आहे. सह्याद्रीच्या दगडात लहानमोठी भोके असतात. लाव्हा वर येताच त्यातला वायू सुटला आणि त्याचे बुडबुडे दगडात कायमचे राहिले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत अशा पोकळ्यांत मागाहून तयार झालेले जिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात आणि जगभरच्या संग्रहालयांत ते ठेवलेले आहेत. झाशीच्या ग्रॅनाइटमध्ये असा एकही बुडबुडा तुम्हाला सापडणार नाही. त्या रसात पाण्याची वाफ नव्हती असे नाही. हॉर्नब्लेंड आणि अभ्रक या खनिजांच्या घडणीतच पाण्याचा अंश असतो, म्हणजे पाणी होतेच. पण वरच्या खडकाच्या प्रचंड दाबाने ते रसातच कोंडून राहिले. हॉर्नब्लेंडमध्ये किती ॲल्युमिनियम शिरावे हेही दाबावर ठरते, त्यामुळे प्रयोगशाळेत तेवढे मोजून ग्रॅनाइट सुमारे किती खोलीवर गोठला याचा अंदाज करता येतो.

आता वयाकडे वळू. बुंदेलखंडातला बहुतेक ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याच प्रदेशात महोब्याकडे 330 कोटी वर्षांच्या आसपासचे नाइस खडकही सापडले आहेत. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे आणि सह्याद्रीचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, हे शेजारी ठेवले म्हणजे झाशीचा दगड किती जुना ते समजेल. 1857 साली पेणजवळच्या वरसईहून निघून पुढे झाशीत पोचलेले आणि ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे यांच्या वाटेत माळव्यापर्यंत काळा दगडच होता. झाशीला पोचले तेव्हा त्यांचे पाय वरसईच्या दगडापेक्षा सुमारे अडतीस पट जुन्या दगडावर होते. अर्थात त्या काळी दगडाचे वय मोजण्याची विद्याच जगात नव्हती.

तेव्हा कोणी पाहायला नव्हते, मग वय सांगायचे कशाच्या आधारे? ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक दाणे असतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसे मात्र जवळजवळ मुळीच घेत नाही. युरेनियम आपोआप, ठरलेल्या गतीने मोडत जाऊन शेवटी शिशात बदलतो. म्हणून आज दाण्यात जे शिसे आहे ते तिथेच, दाणा बनल्यानंतर तयार झालेले आहे. शिसे किती आणि युरेनियम किती उरले, एवढे मोजले की गणित सुटते. पण ही गती कायम तीच राहिली हे कशावरून? यावर उत्तर असे की निसर्गात युरेनियमचे दोन प्रकार एकत्र सापडतात. एकाचा निम्मा साठा मोडायला 447 कोटी वर्षे लागतात, दुसऱ्याचा निम्मा साठा सुमारे 70 कोटी वर्षांत मोडतो, आणि दोघांपासून वेगवेगळ्या प्रकारचे शिसे बनते. एकाच दाण्यात ही दोन स्वतंत्र घड्याळे चालू असतात. मधेच गती बिघडली असती किंवा शिसे गळून गेले असते तर दोन्ही घड्याळांनी वेगवेगळे वय दाखवले असते. ती जुळतात तेव्हाच ते वय धरले जाते.

आता सगळ्यात अवघड हरकत. दगड खोलात बनला हे मान्य, पण वरचे काही किलोमीटर झिजून गेले असतील तर झाशीच्या जागी तेवढा खोल खड्डा असायला हवा. प्रत्यक्षात झाशी समुद्रसपाटीपासून सुमारे 285 मीटर उंचीवर आहे. या हरकतीवर विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भूकवच खालच्या जास्त जड थरावर तरंगते. तो थर घनच आहे, पण लाखो वर्षांच्या हिशेबाने तो हळूहळू सरकू शकतो. भरलेल्या होडीतून पोती उतरवत गेलो की होडी वर येत जाते, तसेच इथे होते. वरचा खडक झिजून वाहून गेला की ओझे कमी होते आणि खालचा भाग वर उचलला जातो. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे 2.7 पट जड आणि खालचा थर सुमारे 3.3 पट जड. भागाकार केला तर 10 किलोमीटर खडक निघून गेल्यावर जमीन सुमारे 8 किलोमीटर वर येते. म्हणजे पृष्ठभाग प्रत्यक्षात फक्त 2 किलोमीटरच्या आसपास खचतो. एके काळी तिथे उंच डोंगर असले तर तेवढे खचून उरते ते सपाट मैदान. बुंदेलखंड आज तसेच आहे, सपाट, आणि अधूनमधून बांगऱ्यासारख्या टेकड्या.

झिजायला पुरेसा वेळ होता का, हेही पाहू. समजा शंभर वर्षांत अवघा एक मिलिमीटर खडक झिजतो. दहा लाख वर्षांत तो 10 मीटर झाला. 250 कोटी वर्षांत 25 किलोमीटर! एवढे तर नको इतके झाले. म्हणून असा निष्कर्ष निघतो की झीज सर्व काळ सारखी चालली नाही. सुरुवातीला उंच भूमी भराभर झिजली आणि नंतर हा प्रदेश फार दीर्घ काळ जवळजवळ निश्चल राहिला. हा नुसता तर्क नाही. चित्रकूटच्या बाजूला विंध्य पर्वताच्या खडकांचे तळचे थर थेट या ग्रॅनाइटवर बसलेले आहेत. ते उथळ समुद्रात साचले, कारण त्यांतल्या चुनखडीत सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले स्ट्रोमॅटोलाइट आहेत, आणि अशी रचना उथळ, उजेड पोचणाऱ्या पाण्यातच होते. हे थर सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे समुद्र तिथे आला तेव्हा ग्रॅनाइट उघडा पडलेला होता. वरचे सगळे आवरण त्याआधीच, पहिल्या 90 कोटी वर्षांत, गेले होते.

दुसरा साक्षीदार झाशीच्या पश्चिमेला, पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात ढाला नावाच्या गावाजवळ सुमारे 11 किलोमीटर रुंदीचे एक प्राचीन विवर आहे. आपले लोणारचे विवर 1.8 किलोमीटर रुंद आहे, यावरून ढाल्याचा आकार लक्षात येईल. तिथे एक अवकाशातला दगड येऊन आदळला. त्या आघाताने वितळून पुन्हा गोठलेला ग्रॅनाइट तिथे आहे आणि गारगोटीच्या कणांत सूक्ष्मदर्शकाखाली समांतर रेषा दिसतात. या रेषा साध्या भूकंपाने किंवा ज्वालामुखीने उमटत नाहीत, त्यांना आघाताचा अतिप्रचंड दाबच लागतो. आता महत्त्वाचा भाग. त्या विवराच्या मधोमध विंध्याच्या खडकांचे थर आघातानंतर साचून बसले आहेत. आघात झाला तेव्हा ग्रॅनाइट पृष्ठभागाशी होता, आणि विंध्याची वाळू त्याच्यावर मागाहून आली. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या प्रकारच्या पुराव्यांनी एकच क्रम सांगितला म्हणजे त्याला वजन येते.

आणि हे फक्त झाशीपुरते आहे असे समजू नका. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे भोक पाडले तेव्हा 338 मीटरांवर काळा दगड संपला आणि थोड्या गाळाच्या थराखाली ग्रॅनाइटी जातीचा खडक लागला. कोयना भागात गोठणे गावाजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडले, तिथे 1247 मीटर बेसाल्टच्या लगेच खाली असाच प्राचीन खडक होता. लाव्हा येण्याआधी महाराष्ट्राची बरीच जमीनही झाशीसारखीच उघडी, ग्रॅनाइटी होती. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे, तसेच भंडारा-गडचिरोलीकडे, ती अजूनही उघडी दिसते.

ओझे उतरल्याची खूण खुद्द दगडावरही राहते. ग्रॅनाइटची मोठी टेकडी बारकाईने पाहिली तर तिच्या उताराला समांतर भेगा दिसतात आणि दगडाचे जाड पापुद्रे सुटत असतात. खोलात दाबाखाली असलेला खडक वर आला, दाब गेला, तो थोडा फुगला आणि पृष्ठभागाला समांतर तडकला. कोणी म्हणेल हे उन्हाचे काम असेल, झाशीचा मे महिन्यातला पारा 45 अंशांच्या वर जातो. पण दिवसभराची उष्णता खडकात हातभरसुद्धा धड पोचत नाही, आणि खाणींत हे पापुद्रे कित्येक मीटर खाली, जिथे ऊन कधीच पोचले नाही तिथेही सापडतात. ऊन वरच्या कातडीचे काम करते, त्याखालचे काम दाबाचे. मग या भेगांतून पाणी शिरते, कोपरे तीन बाजूंनी सडतात, कडा दोन बाजूंनी, म्हणून चौकोनी ठोकळे हळूहळू गोल होतात. झाशी, ओरछा, दतिया या वाटेवर एकमेकांवर रचल्यासारखे दिसणारे गोल धोंडे कोणी आणून ठेवलेले नाहीत. ते जागच्या जागी घडले आणि भोवतालचा सडलेला भाग वाहून गेल्यावर उघडे पडले.

वाहून गेलेले गेले कुठे? पाण्याने फेल्डस्पारची माती होते, अभ्रक गळून जाते, गारगोटीला मात्र काही होत नाही. ती वाळू होऊन उरते. बेतवेच्या पात्रातल्या वाळूत भिंगाखाली हेच काचेसारखे कण दिसतील, बरोबर काही न सडलेले गुलाबी फेल्डस्पारही. बेतवा हमीरपूरजवळ यमुनेला मिळते, यमुना गंगेला, आणि झाशीचा कण शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतो. गारगोटीचा हा चिवटपणा बुंदेलखंडात आणखी एका रूपात दिसतो. ग्रॅनाइटच्या प्रचंड भेगांत एके काळी गरम पाण्याने सिलिका आणून भरली आणि तिची गारगोटी झाली. भोवतालचा ग्रॅनाइट झिजला, ही पांढरी कातळभिंत झिजली नाही, म्हणून आज ईशान्य-नैऋत्य दिशेने मैलोन्‌मैल जाणाऱ्या अरुंद टेकड्या उभ्या आहेत. मधून ओढा फोडून जातो ती खिंड बांधाने अडवली की तलाव तयार. चंदेल आणि बुंदेला राजांनी अशा जागा नेमक्या हेरल्या. झाशीजवळच्या बरुआसागरचा तलाव ओरछ्याच्या उदित सिंह राजाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात डोंगरकड्याच्या पायथ्याशी लांब दगडी बांध घालून केला, आणि तो आजही आहे.

तलावांची एवढी गरज का पडली, याचे उत्तरही दगडातच आहे. झाशीला वर्षाला साधारण 850 ते 900 मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहरापेक्षा जास्तच. तरी हा भाग पाण्यासाठी तहानलेला म्हणून ओळखला जातो. पाऊस वर्षावर्षाला फार बदलतो हे त्याचे एक कारण आहे, पण मोठे कारण खाली आहे. खोलात, दाबाखाली गोठलेल्या खडकात कणांमध्ये जागाच उरलेली नाही, त्यामुळे पाणी मुरायला पोकळी नाही. झाशीकडची एखादी उघडी विहीर आत डोकावून पाहिली तर वर तांबूस, भरड, पातळ राकड माती, तिच्याखाली हाताने फुटणारा मुरूम, मग भेगाळलेला दगड आणि तळाशी अखंड कातळ असा क्रम दिसतो. पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. कातळात कितीही खोल गेले तरी भेग लागली नाही तर विहीर कोरडीच. म्हणून विहिरीसाठी सखल जागा, जिथे मुरूम जाड आहे, आणि शक्यतो डाइकच्या किंवा गारगोटीच्या भिंतीच्या वरच्या अंगाची जागा चांगली. ती भिंत जमिनीखालून वाहणारे पाणी अडवून धरते.